विनाचौकशी हद्दपार झालेले संपादक : बेंजामिन गाय हॉर्निमन

२६ एप्रिल १९१९ रोजी 'बॉम्बे क्रॉनिकल' या दैनिकाचे संपादक बेंजामिन गाय हॉर्निमन यांना मुंबई सरकारने ताब्यात घेतले व जहाजाने इंग्लंडला रवाना केले. त्यांच्यावर खटला चालविण्यात आला नाही. आपली बाजू न्यायाधीशापुढे मांडण्याची संधीही त्यांना मिळाली नाही. महायुद्धाच्या काळात संमत झालेल्या भारत संरक्षण कायद्याच्या आधारे काढलेला एक आदेश यासाठी पुरेसा ठरला.

हॉर्निमन यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात झाला. पोर्ट्स्मथ येथील एका सायंदैनिकात त्यांनी उमेदवारी केली. लंडन व मँचेस्टर येथील वृत्तपत्रांचा अनुभव घेऊन १९०६ साली ते कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'मध्ये दाखल झाले. सर फिरोजशहा मेहता यांनी १९१३ मध्ये मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल' सुरू केले, तेव्हा त्याच्या संपादकपदासाठी त्यांनी हॉर्निमन यांची निवड केली. मुंबईतील प्रमुख इंग्रजी वृत्तपत्रे त्या काळी बहुतांशी युरोपीय मालकीची होती. राष्ट्रीय पक्षाची बाजू मांडणारे पत्र एका इंग्रजाच्या हाती सोपविण्याचा मेहता यांचा निर्णय धाडसाचा होता आणि तो चुकला नाही.

वृत्तपत्रांवर त्या वेळी १९१० च्या मुद्रण कायद्याची टांगती तलवार होती. नवा छापखाना काढणाऱ्याला ५०० ते २००० रुपयांचा जामीन ठेवावा लागे. मजकूर आक्षेपार्ह वाटल्यास सरकार तो जप्त करी, आणि पुन्हा छपाई सुरू करावयाची तर १००० पासून १०,००० रुपयांपर्यंत नवा जामीन मागितला जाई. अ‍ॅनी बेझंट यांच्या मद्रासमधील 'न्यू इंडिया'ला १९१६ साली हा अनुभव आला. त्यांचा २००० रुपयांचा जामीन जप्त झाला व नवा जामीन थेट दहा हजारांचा मागण्यात आला. लहान देशी भाषिक पत्रांना एवढी रक्कम उभी करणे अशक्य होते. ती गाजावाजा न होता बंद पडत.

या परिस्थितीत एकट्या संपादकाचा निभाव लागणार नाही, हे हॉर्निमन यांनी ओळखले. १९१५ मध्ये 'प्रेस असोसिएशन ऑफ इंडिया' ही संघटना स्थापन झाली व तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. या संघटनेने नंतर सरकारला सादर केलेल्या निवेदनानुसार कायद्याची झळ सुमारे ३५० छापखान्यांना व ३०० वृत्तपत्रांना बसली होती, तर ५०० हून अधिक प्रकाशनांवर बंदी आली होती. जामिनाच्या धास्तीने जी पत्रे निघालीच नाहीत, त्यांचीही नोंद या निवेदनात होती.

हॉर्निमन केवळ लेखणीपुरते थांबले नाहीत. होमरूल चळवळीत त्यांनी भाग घेतला. मुंबईचे मावळते गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या स्मारकासाठी ११ डिसेंबर १९१८ रोजी टाऊन हॉलमध्ये सभा भरली. बॅरिस्टर जिना यांच्यासमवेत तिला विरोध करणाऱ्यांत हॉर्निमन होते. रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींच्या अध्यक्षतेखाली सत्याग्रह सभा स्थापन झाली, तिचे उपाध्यक्षपदही त्यांनी स्वीकारले. ६ एप्रिल १९१९ रोजी सत्याग्रहींनी बंदी घातलेली पुस्तके मुंबईच्या रस्त्यांवर उघडपणे विकली.

पुढच्याच आठवड्यात अमृतसरच्या जालियनवाला बागेत गोळीबार झाला. पंजाबात लष्करी कायदा पुकारण्यात आला व तेथील बातम्या बाहेर येणे दुरापास्त झाले. लाहोरच्या 'ट्रिब्यून'चे संपादक कालिनाथ रॉय यांना तुरुंगात टाकण्यात आले. मुंबईत हॉर्निमन यांची पाळी आली. दिल्लीत जमावावर मऊ टोकाच्या गोळ्या झाडल्याचा मजकूर त्यांच्या पत्राने छापला, तसेच हे पत्र गोऱ्या सैनिकांत फुकट वाटले गेले, अशी कारणे भारतमंत्री माँटेग्यू यांनी ब्रिटिश संसदेत दिली. ती खरी की खोटी, हे ठरविण्याची जागा न्यायालय ही होती. मुद्रण कायद्यात निदान उच्च न्यायालयात दाद मागण्याची सोय तरी होती. हद्दपारीच्या आदेशाला तीही नव्हती.

'क्रॉनिकल'वर पूर्वतपासणी लादण्यात आली. प्रत्येक ओळ आधी सरकारी अधिकाऱ्यास दाखविण्यापेक्षा संचालकांनी काही काळ प्रकाशनच स्थगित ठेवले. गांधीजींनी लोकांना शांततेचे आवाहन केले आणि ११ मे रोजी हरताळ पाळण्यास सांगितले. 'क्रॉनिकल'शी संबंधित असलेले उमर सोबानी व शंकरलाल बँकर यांनी 'यंग इंडिया' हे इंग्रजी साप्ताहिक गांधीजींच्या हाती सोपविले. एका संपादकाला देशाबाहेर काढताना सरकारने दुसऱ्याला त्याच्या आसनावर बसविले, असे म्हणावयास हरकत नाही.

लंडनमध्येही हॉर्निमन गप्प बसले नाहीत. अमृतसरच्या घटनेवरील त्यांचे पुस्तक १९२० साली तेथे प्रसिद्ध झाले. भारतात परतण्याची त्यांची मागणी मात्र वर्षानुवर्षे नाकारली गेली. १९१० चा मुद्रण कायदा १९२२ मध्ये रद्द झाला, तरीही ज्यांनी त्याच्याशी झुंज दिली ते इंग्लंडमध्येच अडकून होते. अखेर जानेवारी १९२६ मध्ये ते भारतात परतले व पुन्हा 'क्रॉनिकल'च्या संपादकाच्या खुर्चीवर बसले. तोवर त्यांच्या वयाची बावन्न वर्षे उलटली होती.

पुढे त्यांनी 'क्रॉनिकल' सोडले. १९३३ पासून सुमारे बारा वर्षे 'बॉम्बे सेंटिनल' हे सायंदैनिक त्यांनी चालविले. १९४१ मध्ये रुसी करंजिया व दिनकर नाडकर्णी यांच्यासह 'ब्लिट्झ' या साप्ताहिकाच्या स्थापनेतही त्यांचा सहभाग होता. स्वातंत्र्य मिळालेले पाहून ऑक्टोबर १९४८ मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले. ज्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी विलिंग्डन यांच्या स्मारकाला विरोध केला, त्याच्यासमोरील एल्फिन्स्टन सर्कलला पुढे हॉर्निमन सर्कल असे नाव देण्यात आले.