फॅरडेची वही

परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजता हॉस्टेलच्या पॅसेजमधून चक्कर मारा. कुठल्यातरी खोलीत कुणीतरी गणित सोडवताना स्वतःशीच पुटपुटत असतो. आपण त्याला हसतो. मायकेल फॅरडेने हेच आयुष्यभर केलं, फक्त कागदावर.

जन्म १७९१ चा, लंडनच्या वेशीवर. वडील लोहार, शाळा जेमतेम. १८०५ मध्ये पोरगा बुकबाइंडरकडे कामाला लागला. बांधायला आलेली पुस्तकं वाचायची आणि कळलेलं वहीत उतरवायचं, ही सवय तिथलीच. १८१२ मध्ये हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकली, नोट्स आकृत्यांसकट बाइंड करून डेव्हीलाच पाठवल्या. १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लॅब असिस्टंट!

उच्च गणित मात्र त्याला कधीच आलं नाही. (एम-थ्रीवाल्यांनी फार खूश होऊ नये.) त्यात स्मरणशक्तीही दगा द्यायची. म्हणून सगळी भिस्त वहीवर. फसलेले प्रयोगसुद्धा तो लिहून ठेवायचा.

विजेपासून चुंबकत्व मिळतं हे १८२० मध्ये ओर्स्टेडने दाखवलं होतं. मग उलट का नाही? २९ ऑगस्ट १८३१ ला फॅरडेने लोखंडी कड्यावर दोन कॉइल गुंडाळल्या. एकीला बॅटरी, दुसरीच्या तारेजवळ चुंबकसूची. बॅटरी जोडली, सुई हलली आणि पुन्हा जागेवर आली. तोडली, पुन्हा हलली. मधल्या वेळात करंट वाहतोय, पण सुई ढिम्म. आपण असतो तर 'लूज कनेक्शन' म्हणून जर्नलमध्ये गेल्या वर्षीचं रीडिंग टाकलं असतं. त्याने दुसऱ्या दिवशी वहीत स्वतःलाच विचारलं: अरागोच्या प्रयोगात तांब्याची चकती फिरली तरच चुंबकावर परिणाम होतो, थांबलेली असली तर नाही, त्याचा आणि या क्षणभराच्या हलण्याचा काही संबंध असेल का?

या एका शंकेचा माग काढत १७ ऑक्टोबरला त्याने कॉइलमध्ये चुंबक आत-बाहेर केला, सुई हलली. २८ ऑक्टोबरला चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवली आणि सलग करंट मिळाला. आपला जनरेटर तो हाच.

१८३२ पासून तो वहीतल्या परिच्छेदांना नंबर घालू लागला. ते गेले १६,०४१ पर्यंत.

त्याच्या बलरेषा मॅक्सवेलने गणितात मांडल्या. १८५७ मध्ये म्हाताऱ्या फॅरडेने त्याला पत्र लिहून विचारलं, की गणितात निघालेले निष्कर्ष तुम्ही लोक साध्या भाषेतही का सांगत नाही? म्हणजे आमच्यासारख्यांना त्यावर प्रयोग तरी करता येतील.