रहीमसाहेब

हैदराबाद शहर चारमिनारसाठी प्रसिद्ध आहे. एके काळी ते फुटबॉलसाठीही प्रसिद्ध होते. हा लौकिक मिळवून देण्यात एका शाळामास्तरांचा मोठा वाटा होता. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. लोक त्यांना आदराने रहीमसाहेब म्हणत.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. उस्मानिया विद्यापीठात शिकत असताना ते फुटबॉल खेळत. पुढे ते शिक्षक झाले. शाळेत शिकवता शिकवता त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविकाही मिळवली. खेळाडू म्हणून त्यांचे नाव फार गाजले नाही. पण खेळाडू घडवण्याची विद्या त्यांना साधली होती.

त्यांची शिकवण्याची रीत निराळी होती. ते तरुण खेळाडूंसाठी वेगवेगळ्या स्पर्धा भरवत. एका स्पर्धेत ज्या पायाने नीट खेळता येत नाही, त्याच पायाने चेंडू मारावा लागे. दुसऱ्या स्पर्धेत चेंडू स्वतःजवळ ठेवून पळण्यास मनाई असे. तो लगेच सोबत्याकडे द्यावा लागे. कमी उंचीच्या मुलांसाठी वेगळी स्पर्धा असे. आपली उणीव झाकू नये, सरावाने ती दूर करावी, हा धडा मुलांना मैदानावरच मिळे.

सिकंदराबादजवळ तुलसीदास बलराम नावाचा एक गरीब मुलगा राहत होता. सरावासाठी हैदराबादला येण्यापुरते पैसेही त्याच्याजवळ नव्हते. रहीमसाहेबांनी त्याला सायकलच्या भाड्याचे पैसे दिले. हाच मुलगा पुढे भारताकडून ऑलिंपिकमध्ये खेळला.

रहीमसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली हैदराबाद पोलीस संघाने मुंबईतील रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. १९५१ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांत भारताला सुवर्णपदक मिळाले. तेव्हाही प्रशिक्षक तेच होते.

पण १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा पराभव केला. भारताचे बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. रहीमसाहेब खचले नाहीत. त्यांनी नव्या पद्धतीने संघ बांधला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४–२ असे हरवले. त्यात मुंबईच्या नेव्हिल डिसूझांनी तीन गोल केले. भारत चौथा आला.

१९६२ साली जकार्ता येथे आशियाई खेळ झाले. रहीमसाहेबांना कर्करोगाने ग्रासले होते. तरीही ते संघाबरोबर गेले. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २–० असे हरवले. पुढे बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला मोठी दुखापत झाली व टाके पडले. रहीमसाहेबांनी त्यांना घरी बसवले नाही. उपान्त्य सामन्यापासून त्यांना आघाडीवर खेळवले.

४ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच समोर उभा होता. स्पर्धेच्या आयोजनावर एका भारतीय अधिकाऱ्याने टीका केल्यामुळे तेथील लोक भारतावर रागावले होते. मैदानात सारखा आरडाओरडा चालला होता. भारताचे खेळाडू डगमगले नाहीत. प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी पहिला गोल केला आणि जर्नेलसिंग यांनी दुसरा. भारत २–१ असा जिंकला. बलरामही त्या संघात होते.

हा रहीमसाहेबांचा शेवटचा मोठा विजय ठरला. ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. आशियाई खेळांत फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला दोनदाच मिळाले. दोन्ही वेळी संघामागे हैदराबादचे हे मास्तर उभे होते.

स्वाध्याय

१. रहीमसाहेबांनी बलरामला कोणती मदत केली?
२. रहीमसाहेबांच्या स्पर्धा कशा निराळ्या होत्या?
३. तुम्हांला कठीण वाटणारी एक गोष्ट सांगा. ती जमावी म्हणून तुम्ही काय कराल?