जोसेफ कॉर्नेल : पेटीत जग मांडणारा कलाकार

कार्यानुभवाच्या तासाला आपण 'टाकाऊतून टिकाऊ' वस्तू बनवतो. रिकाम्या बाटलीची फुलदाणी होते, आइस्क्रीमच्या काड्यांची फोटोफ्रेम होते. आज आपण अशा एका कलाकाराची ओळख करून घेणार आहोत, ज्यांनी जुन्या वस्तूंपासून रोजच्या उपयोगाचं काहीच बनवलं नाही. तरीही त्यांनी बनवलेल्या पेट्या आज मोठमोठ्या संग्रहालयांत जपून ठेवल्या आहेत. त्यांचं नाव जोसेफ कॉर्नेल.

त्यांचा जन्म २४ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात नायॅक या गावी झाला. चार भावंडांत ते थोरले. सर्वांत धाकटा रॉबर्ट. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी हा आजार होता, त्यामुळे त्याला चालता येत नव्हतं. १९१७ मध्ये वडील वारले. तेव्हा जोसेफ फक्त तेरा वर्षांचे होते. पुढे त्यांचं शिक्षणही अर्धवट राहिलं आणि १९२१ पासून ते कापडाच्या कंपनीत विक्रेत्याचं काम करू लागले.

कामासाठी न्यूयॉर्क शहरात खूप पायपीट व्हायची. मधल्या वेळात ते जुन्या पुस्तकांच्या आणि जुन्या सामानाच्या दुकानांत शिरायचे. जुनी चित्रं, नकाशे, पोस्टाची तिकिटं, काचेच्या गोट्या, घड्याळाचे सुटे भाग, शिंपले असं काय काय घरी आणायचे. लोकांना त्यात भंगार दिसायचं, त्यांना मात्र गोष्टी दिसायच्या.

१९२९ मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एका साध्या लाकडी घरात राहायला आलं. रस्त्याचं नाव यूटोपिया पार्कवे. यूटोपिया म्हणजे कल्पनेतला आदर्श देश! आई आणि रॉबर्ट यांच्यासोबत कॉर्नेल शेवटपर्यंत याच घरात राहिले. घर चालवायचं, भावाची सेवा करायची, मग रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपलं काम मांडायचं, असा त्यांचा दिनक्रम होता. पुढे तळघरात त्यांचं कामाचं ठिकाण झालं. तिथे सामानाची खोकी नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेवलेली असायची.

चित्रकलेचं शिक्षण त्यांनी कुठेच घेतलं नव्हतं. १९३१ मध्ये एका कलादालनात त्यांनी माक्स अर्न्स्ट या चित्रकाराची कोलाजं पाहिली. जुनी छापील चित्रं कापून, चिकटवून नवंच चित्र तयार केलेलं होतं. हे आपल्यालाही जमेल, असं त्यांना वाटलं. पुढच्याच वर्षी त्याच दालनात त्यांची स्वतःची कोलाजं लागली. मग त्यांनी काच लावलेल्या लाकडी पेट्या करायला सुरुवात केली. १९३६ सालच्या एका पेटीत चंद्राचा नकाशा, मातीचा पाईप, बाहुलीचं डोकं आणि पेल्यात ठेवलेलं अंडं आहे. तिचं नाव 'सोप बबल सेट', म्हणजे साबणाचे फुगे उडवायचा खेळ. काही पेट्यांत त्यांनी पोपटांची चित्रं ठेवली, काहींना युरोपातल्या हॉटेलांची नावं दिली. गंमत म्हणजे ते स्वतः आयुष्यात कधीच युरोपला गेले नाहीत! जिथे जाता आलं नाही, ते ठिकाण त्यांनी पेटीत उभं केलं.

रॉबर्टला खेळण्यातल्या रेल्वेगाड्यांचं भारी वेड होतं आणि तो चित्रंही काढायचा. १९६५ मध्ये तो वारला, पुढच्या वर्षी आईही गेली. भावाच्या आठवणीसाठी कॉर्नेल यांनी कोलाजं केली आणि रॉबर्टच्या चित्रांसोबत ती प्रदर्शनात मांडली. ज्या भावाला जग दुबळा समजत होतं, त्याची चित्रं त्यांनी आपल्या कलाकृतींच्या बरोबरीने लावली.

१९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या कूपर युनियन या संस्थेत त्यांचं एक खास प्रदर्शन भरलं. ते होतं लहान मुलांसाठी! मुलांना नीट दिसावं म्हणून पेट्या मुद्दाम खाली, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावल्या होत्या. पाहायला आलेल्या मुलांना खाऊही होता. त्याच वर्षी २९ डिसेंबरला, एकोणसत्तरावा वाढदिवस होऊन पाचच दिवस झाले असताना, कॉर्नेल यांचं निधन झालं.

मित्रांनो, त्यांच्याकडे पैसा नव्हता, पदवी नव्हती, फिरायला सवडही नव्हती. होती ती फक्त नीट पाहण्याची नजर. घरच्यांची काळजी घेता घेता त्यांनी आपली कला जपली.

कृती : चपलांचं एक रिकामं खोकं घ्या. घरातल्या पाच जुन्या वस्तू मोठ्यांना विचारून गोळा करा. तुम्हाला जिथे जावंसं वाटतं, पण अजून जाता आलेलं नाही, असं एक ठिकाण त्या खोक्यात मांडा. आणि हो, ते आधी घरातल्या अशा माणसाला दाखवा, ज्याला बाहेर फारसं जाता येत नाही.