एडिसन आणि बल्बमधली तार

थॉमस अल्वा एडिसन यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेत मिलान या गावी झाला. लहानपणी ते रेल्वेत पेपर विकत. त्यांना ऐकू कमी येई. माझ्या आजीला पण कमी येतं.

आई-बाबा ऊसतोडीला गेलेत. मी आजीजवळ राहतो. परवा आमचा बल्ब उडाला. हलवला तर आत तार खुळखुळली. एवढीशी तार रोज तापते, मग ती जळत कशी नाही, असं मी गुरुजींना विचारलं. गुरुजींनी एडिसन सांगितले.

त्यांच्या आधीही लोकांनी असे दिवे केले होते, पण ते टिकत नसत. एडिसन यांनी प्लॅटिनमची तार लावून पाहिली. ती लई महाग. मग १८७९ साली त्यांनी सुती दोरा भाजून त्याचा कोळसा केला आणि काचेत बसवला. आतली हवा पंपाने काढली, कारण हवा असली की दोरा लगेच जळतो. तो दिवा तेरा तासांवर चालला! पुढच्या वर्षी जपानी बांबूची बारीक कामटी तशीच भाजून लावली. ती १२०० तास टिकली. आमची टोपली पण कामट्यांचीच आहे, मी घरी जाऊन बघितली. टंगस्टनची तार नंतर दुसऱ्यांनी आणली.

एडिसन १८ ऑक्टोबर १९३१ रोजी वारले.

बाबा येईपर्यंत आम्ही चिमणी लावतो. उडालेला बल्ब खिडकीत ठेवलाय. हलवून बघा, पण हळू.