संप्रेरकांचा माग घेणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

मधुमेह हा रक्तातील साखरेचा विकार आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग हा पेशींच्या बेबंद वाढीचा. वरवर पाहता या दोन व्याधींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे वाटत नाही. तरीही दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असणाऱ्यांना आतड्याच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा सुमारे २५ ते ३० टक्क्यांनी अधिक असतो, हे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांतून वारंवार दिसून आले आहे. या दोन व्याधींना जोडणारा एक प्रमुख दुवा म्हणजे इन्सुलिन हे संप्रेरक. शरीराचीच संप्रेरके कर्करोगाला खतपाणी घालतात काय, हा प्रश्न भारतात ज्यांनी प्रयोगशाळेत आणला, त्यांत डॉ. कमल रणदिवे यांचे नाव अग्रभागी आहे.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलींच्याही शिक्षणात काही कमी पडू नये, असा त्यांचा कटाक्ष होता. कन्येचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. तिने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. कमल यांनी मात्र दोन्ही बाबतींत स्वतःची वाट निवडली. फर्ग्युसनमधून वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय घेऊन त्या पदवीधर झाल्या. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास करून १९४३ साली त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केले. १९३९ साली त्यांचा विवाह गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी झाला होता. पत्नीच्या संशोधनाला त्यांची मनापासून साथ लाभली.

विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करू लागल्या. हे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले होते. तेथे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. गुणसूत्रांपासून सुरू झालेली वाट अशी कर्करोगाच्या पेशींपर्यंत येऊन पोहोचली.

पुढील शिक्षणासाठी त्या अमेरिकेतील बाल्टिमोर येथे, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीरातील पेशी काचेच्या नळीत जिवंत ठेवून वाढविण्याच्या तंत्रात, म्हणजेच ऊतीसंवर्धनात, गाय यांचा हातखंडा होता. इन्सुलिनचा माणसावर पहिला वापर १९२२ साली झाला. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १९२४ साली, याच गाय यांनी एका सहकाऱ्यासमवेत पेशींच्या संवर्धनात इन्सुलिन घालून पाहिले आणि पेशींची वाढ जोम धरते असे नोंदविले. साखर आटोक्यात ठेवणारे संप्रेरक पेशींच्या वाढीलाही चालना देते, याची ती आरंभीची खूण होती.

कमलताई हे तंत्र आत्मसात करून मायदेशी परतल्या. १९५२ साली परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले होते. तेथे त्यांनी ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. या क्षेत्रातील देशातील ही पहिली प्रयोगशाळा मानली जाते. पेशींना लागणारी पोषकद्रव्ये सहजी मिळत नसत, तेव्हा त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने ती येथेच तयार केली. उंदरांच्या विशिष्ट जाती जोपासून त्यांनी स्तनाचा कर्करोग, रक्ताचा कर्करोग आणि अन्ननलिकेचा कर्करोग यांचा अभ्यास केला. स्तनाच्या कर्करोगामागे आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध असतो, हे प्रथम ओळखणाऱ्या संशोधकांत त्यांची गणना होते. रोगाचे मूळ केवळ गाठीत शोधून भागत नाही, ती गाठ ज्या शरीरात वाढते त्याचाही विचार करावा लागतो, ही त्यांच्या कामाची दिशा होती.

मधुमेह आणि आतड्याचा कर्करोग हा त्यांच्या संशोधनाचा विषय नव्हता. परंतु पुढच्या पिढ्यांनी त्याच दिशेने जाऊन या दोहोंतील दुवा उलगडला. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. परिणामी स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन स्रवते आणि मधुमेहाचे निदान होण्याच्या कितीतरी आधीपासून रक्तात त्याचे प्रमाण वाढलेले राहते. आतड्याचे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होत असते, त्यामुळे तेथील पेशींचे विभाजन अखंड चालू असते. या पेशींवर इन्सुलिनचे आणि त्याच्याशी साधर्म्य असलेल्या वाढ-घटकाचे ग्राहक असतात. अतिरिक्त इन्सुलिन पेशींना विभाजनाचा आदेश देत राहते, शिवाय रक्तातील मोकळ्या वाढ-घटकाचेही प्रमाण वाढविते. सदोष पेशींनी वेळीच नष्ट व्हावे, हा निसर्गनियमही त्यामुळे शिथिल होतो. चरबीतून उद्भवणारा दीर्घकालीन दाह आणि मंदावलेली आतड्याची हालचाल यांची त्यात भर पडते. स्थूलता आणि बैठी जीवनशैली ही तर दोन्ही व्याधींची सामाईक कारणे आहेत.

कमलताई १९६६ ते १९७० या काळात संशोधन केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. कुष्ठरोगाच्या जिवाणूवरील कामासाठी १९६४ साली त्यांना वाटुमल पुरस्कार मिळाला, तर १९८२ साली पद्मभूषणने त्यांचा गौरव झाला. परदेशी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांनी परत यावे यासाठी त्या आग्रही असत. १९७३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेची स्थापना केली. उतारवयात अकोले तालुक्यातील (तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी त्यांनी हाती घेतली. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. मुंबई-पुण्यापासून भंडारा जिल्ह्यातील सिहोऱ्यासारख्या गावापर्यंत तिशी ओलांडलेल्यांची साखर सरकारी कार्यक्रमातून तपासली जाते. त्याच कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाचीही तपासणी होते. आतड्याचा कर्करोग मात्र तीत नाही, म्हणून स्वतःच सावध राहणे आवश्यक ठरते. शौचावाटे रक्त जाणे, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, अकारण घटणारे वजन किंवा रक्तक्षय ही लक्षणे असता मूळव्याध समजून घरगुती उपाय करीत बसू नये. मधुमेह्यांनी तर अशा वेळी डॉक्टरांना दाखविण्यास मुळीच विलंब करू नये. आतड्यातील लहान कोंबाचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा दहाएक वर्षे लागतात आणि त्या अवधीत दुर्बिणीने तो काढून टाकता येतो. मात्र वरील माहिती वाचून कोणीही चालू असलेले इन्सुलिन वा औषध आपल्या मनाने बंद करू नये. साखर आटोक्यात ठेवणे, वजन कमी करणे आणि रोज चालणे हेच उपाय दोन्ही व्याधींना दूर ठेवण्यास उपकारक आहेत.