जॉन विक्लिफ आणि शास्त्रांतील नाणीं

ज्या विद्वानांनीं आपली विद्या सामान्य जनांच्या पदरीं घातली, त्यांत इंग्लंडचे जॉन विक्लिफ यांचें नांव अग्रभागीं येतें. त्यांचें चरित्र पुष्कळांनीं सांगितलें आहे. आम्ही येथें विद्यार्थ्यांचें लक्ष त्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या बायबलांतील वजनें व नाणीं यांकडे वेधूं इच्छितों.

विक्लिफ यांचा जन्म चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धांत यॉर्कशायर प्रांतीं झाला. १३६० सालीं ते ऑक्सफर्ड येथील बेलियल विद्यालयाचे मुख्य होते. १३७४ सालीं त्यांस लटरवर्थ गांवचें धर्मगुरूपद मिळालें, व त्याच वर्षीं राजानें पोपच्या प्रतिनिधींशीं कर व नेमणुका यांविषयीं बोलणें करण्यास त्यांस ब्रूझ शहरीं पाठविलें. धर्मसंस्थेच्या संपत्तीवर त्यांनीं कडक टीका केली. १३७७ सालीं पोप अकरावा ग्रेगरी यानें त्यांच्या मतांचा निषेध केला. तरी शास्त्र लोकांच्या भाषेंत असावें, हा त्यांचा आग्रह सुटला नाहीं. त्यांच्या प्रेरणेनें सहकाऱ्यांनीं लॅटिन बायबलाचें इंग्रजी भाषांतर केलें; त्याची अधिक सुबोध आवृत्ति त्यांच्या मृत्यूनंतर, १३९५ च्या सुमारास, सिद्ध झाली.

आतां भाषांतरकारांपुढें एक अडचण उभी राहिली. इब्री लोकांचा शेकेल हा मुळांत नाणें नसून वजन होता. अब्राहामानें सारेच्या कबरेसाठीं चारशें शेकेल रुपें तोलून दिलें. येथें त्यांनीं लॅटिनांतील ‘सिकल’ हाच शब्द ठेविला. परंतु नव्या करारांतील द्राक्षमळ्याच्या दाखल्यांत मजुराचा रोज त्यांनीं ‘पेनी’ असा लिहिला. ह्या एका शब्दांत केवढें मर्म आहे! १३४८ सालीं महामारी आली, मजूर दुर्मिळ झाले, आणि १३५१ च्या कायद्यानें गवत वाळविणाऱ्याचा रोज एक पेनी ठरवून टाकला. पुढें १३८० सालीं प्रत्येक प्रौढ माणशीं बारा पेनींचा कर बसला, व १३८१ सालीं शेतकऱ्यांचें बंड झालें. अशा श्रोत्यास तो दाखला परक्या देशाचा कसा वाटणार?

विधवेच्या दानाची किंमत त्यांनीं फर्दिंग, म्हणजे पेनीचा चतुर्थांश, अशी दिली. मात्र दहांपैकीं एक नाणें हरविलेल्या स्त्रीच्या दाखल्यांत चांदीच्या द्रख्मेऐवजीं ‘बेझंट’ घातला. बेझंट हें मुळांत बायझंटियमचें सोन्याचें नाणें. त्यामुळें गरीब बाई एकाएकीं श्रीमंत झाली! ओळखीचा शब्द नेहमींच खरा शब्द असतो असें नाहीं.

निर्गमाच्या पुस्तकांत शेकेलाचें मान सांगतांना त्यांनीं वीस अर्धपेनी असें लिहिलें. त्या काळीं पेनी १८ ग्रेनांची असल्यामुळें हें वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा भरतें. उत्खननांत सांपडलेलीं शेकेलाचीं दगडी वजनें सुमारें ११.४ ग्रॅमचीं आहेत, तोळा ११.६६ ग्रॅमचा. ब्रिटिश अमदानींतला चांदीचा रुपयाही एक तोळ्याचाच होता. आपल्या मराठी शास्त्रांत यहूदास मिळालेले तीस रुपये व विधवेची दमडी वाचतांना हा योगायोग आम्हांस मोठा नवलाचा वाटतो.

विक्लिफ ३१ डिसेंबर १३८४ रोजीं लटरवर्थ येथें निधन पावले. १४०९ सालीं आर्चबिशप अरुंडेल यानें परवानगीवांचून शास्त्राचें इंग्रजी भाषांतर करण्यास व वाचण्यास बंदी केली. १४२८ सालीं विक्लिफांचीं हाडें उकरून जाळण्यांत आलीं व राख स्विफ्ट नदींत टाकण्यांत आली. परंतु ज्या ग्रंथांत मजुराची पेनी होती, त्याच्या हातानें लिहिलेल्या सुमारें अडीचशें प्रती आजही शिल्लक आहेत.

जो दुसऱ्याची भाषा आपल्या लोकांस समजावून देऊं इच्छितो, त्यानें दोन तराजू जवळ बाळगावे: एकांत मूळ शब्दाचें वजन तोलावें, दुसऱ्यांत ऐकणाऱ्याच्या खिशांतलें नाणें. दोन्ही पारडीं समतोल राखणें, हेंच विद्येचें खरें काम, असें आम्हांस वाटतें.