मारिया गोपर्ट-मायर : प्रकाशविज्ञानातील एक उपेक्षित साधना

शिरपूर आणि परिसरातील विज्ञान महाविद्यालये जळगाव येथील कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. प्रखर प्रकाशात पदार्थ कसे वागतात आणि प्रकाश पडताच काही पदार्थांचे गुणधर्म कसे बदलतात, हे विषय आज जगभरच्या विद्यापीठांत संशोधिले जातात. यातील पहिल्या विषयाला अरेषीय प्रकाशिकी असे म्हणतात. तिच्या पायाभरणीत ज्या स्त्रीचा मोठा वाटा आहे, तिच्या जीवनाचा अल्प परिचय आम्ही विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी येथे करून देत आहोत.

मारिया गोपर्ट यांचा जन्म २८ जून १९०६ रोजी कॅटोविट्झ या तेव्हाच्या जर्मनीतील आणि आताच्या पोलंडमधील नगरात झाला. आईवडिलांचे त्या एकुलते एक अपत्य होत्या. वडील बालरोगतज्ज्ञ होते. १९१० साली ते गटिंगेन विद्यापीठात प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि कुटुंब तेथे स्थायिक झाले. आपल्या मुलीने केवळ घरसंसारात न गुंतता विद्याव्यासंग करावा, अशी वडिलांची इच्छा होती. १९२४ साली मारिया यांनी गणिताच्या अभ्यासासाठी विद्यापीठात प्रवेश घेतला. परंतु माक्स बॉर्न यांच्या सान्निध्यात त्या भौतिकशास्त्राकडे वळल्या.

१९३० साली त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला व १९३१ साली तो विस्ताराने प्रसिद्ध झाला. अणू प्रकाशाचा एक कण शोषून उत्तेजित होतो, हे तेव्हा ज्ञात होते. निम्म्या ऊर्जेचे दोन कण एकाच वेळी शोषले गेले तरी तोच परिणाम घडू शकेल, असे मारिया यांनी गणिताने दाखवून दिले. आपल्या खान्देशातील उदाहरण घ्यायचे तर कापसाचे जड गाठोडे एक धट्टाकट्टा गडी बैलगाडीत चढवतो. निम्म्या ताकदीच्या दोन मुलांनाही ते जमते, मात्र दोघांनी अचूक एकाच क्षणी जोर लावला पाहिजे. एकामागून एक लावलेला जोर वाया जातो. प्रकाशाचे दोन कण असे एकत्र गाठ पडणे अत्यंत दुर्मीळ असते. म्हणून प्रकाश फार प्रखर असावा लागतो आणि तो दुप्पट केला की हा परिणाम चौपट होतो. तेव्हा इतका प्रखर प्रकाश कोणत्याही प्रयोगशाळेत उपलब्ध नव्हता. ते भाकीत कागदावरच राहिले.

१९३० सालीच त्यांचा विवाह अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जोसेफ मायर यांच्याशी झाला आणि त्या अमेरिकेस गेल्या. पतीला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापकपद होते. पती-पत्नी दोघांनाही नेमायचे नाही, असा तेथील दंडक होता आणि त्यात मंदीचा काळ. त्यामुळे मारिया यांना प्राध्यापकपद मिळाले नाही. दोन मुलांचे संगोपन करीत त्यांनी तेथे, पुढे कोलंबिया विद्यापीठात आणि १९४६ पासून शिकागो विद्यापीठात अध्यापन व संशोधन केले. शिकागोत प्राध्यापक म्हणवले गेले तरी विद्यापीठाकडून वेतन नव्हते. याच काळात एन्रिको फर्मी यांच्या एका प्रश्नाने त्यांना दिशा दिली आणि अणुकेंद्रात कण कवचांसारख्या थरांत रचलेले असतात, हा सिद्धांत त्यांनी मांडला. पूर्ण वेतनाचे प्राध्यापकपद त्यांना १९६० साली सॅन दिएगो येथे मिळाले. तेव्हा त्यांचे वय ५३-५४ वर्षांचे होते. तेथे गेल्यावर थोड्याच दिवसांत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. तरीही त्यांनी काम थांबवले नाही.

त्याच १९६० साली पहिला लेसर तयार झाला. पुढच्याच वर्षी कायझर व गॅरेट यांनी लेसरच्या साहाय्याने मारिया यांचे भाकीत प्रयोगाने सिद्ध केले. तोवर तीस वर्षे लोटली होती. १९६३ साली अणुकेंद्राच्या सिद्धांताबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भौतिकशास्त्रात हा मान मिळवणाऱ्या मारी क्युरीनंतरच्या त्या दुसऱ्या स्त्री होत. २० फेब्रुवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या त्या जुन्या प्रबंधाचे फळ त्यांच्या पश्चात अधिक दिसू लागले. १९९० पासून विकसित झालेल्या सूक्ष्मदर्शकात हेच तत्त्व वापरून जिवंत ऊतींच्या आतवर पाहता येते, कारण दोन कणांचे शोषण किरण जेथे एकवटतो तेथेच घडते. प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रव राळेत याच तत्त्वाने केसाहूनही बारीक वस्तू घडवल्या जातात. या शोषणाचे माप ज्या एककात मोजतात, त्याला गोपर्ट-मायर असेच नाव आहे. २०१८ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या तिसऱ्या स्त्री, डॉना स्ट्रिकलंड, यांनीही आपल्या प्रबंधात या संशोधनाचा आधार घेतला होता.

त्याच २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. लिहिता-वाचता न येणाऱ्या या शेतकरी स्त्रीची कविता पुस्तकरूपाने आली, ती तिच्या मृत्यूनंतर १९५२ साली. दोघींची क्षेत्रे अगदी भिन्न. पण मोबदल्याची वा कीर्तीची वाट न पाहता केलेले काम दोघींच्याही मागे उरले. तथापि मारिया यांची निष्ठा जितकी वंदनीय, तितकाच त्यांना वेतन नाकारणारा दंडक अन्यायकारक होता, हेही आम्हांस नमूद करावेसे वाटते. आपल्या घरातील एखादी मुलगी विज्ञानाची वाट धरू पाहत असेल, तर तिच्या कष्टांचे कौतुक करून थांबू नये. तिच्या श्रमाचे रास्त मोल तिला वेळेवर मिळेल, हे पाहणे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.